आडव्या फांदीची काडी

१

त्या घरात सकाळचा पहिला चहा स्वयंपाकघरात होत नसे. सूनबाई दोन कप घेऊन अंगण ओलांडायची, रोपांवरच्या हिरव्या जाळीच्या शेडनेटचं दार कोपरानं ढकलायची, आणि आत मामंजी, म्हणजे तिचे सासरे, आधीच कामाला लागलेले असायचे. हातात कलमाचा चाकू, समोर लाकडी बाक, आणि पाठ अशी ताठ की धंद्यातली माणसं त्यांना मागे 'काटकोन' म्हणायची. मागे कशाला, तोंडावरही म्हणायची. मामंजी ऐकून घ्यायचे आणि आणखी ताठ व्हायचे. सत्तरी केव्हाच ओलांडलेला माणूस, पण रोपाची पिशवी उचलायला वाकला की कमरेतून सरळ दुमडायचा आणि सरळ उघडायचा, दाराच्या बिजागरीसारखा.

आणि त्यांच्या हाताबद्दल काय सांगावं! मँगोस्टीन, म्हणजे आपल्या कोकमाचं परदेशी भावंड, आणि त्याची सगळी भावकी म्हणजे कलम करणाऱ्याची परीक्षाच. हट्टी झाडं, वाढणार भयंकर सावकाश. साल कापली की पिवळा चीक येतो आणि जोड बसायच्या आत चाकू, बोटं, पट्टी, सगळं चिकट करून टाकतो. भल्याभल्यांनी तिथे हात टेकले होते. मामंजींची कलमं मात्र धरायची. लोक लांबून यायचे, विकत काही न घेता नुसते बघत उभे राहायचे आणि मान हलवत परत जायचे.

सूनबाई लग्न होऊन आली तेव्हा तिला आंब्याचं पान सोडलं तर दुसरं ओळखू येत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात तिनं मामंजींना काडीला पाचरीचा आकार देताना पाहिलं. दोनच काप, एक इकडून, एक तिकडून, आणि काडी खुंटाच्या, म्हणजे खालच्या मुळं धरलेल्या रोपाच्या, चिरेत अशी बसली की मधून वारा जाणार नाही. ती जी तिथे खिळली ती खिळलीच. नवरा चिडवायचा, "तू माझ्याशी नाही, बाबांच्या चाकूशी लग्न केलंयस."

"चाकू निदान घोरत नाही," ती म्हणायची.

२

विहिरीपाशी थोरली उभी होती. थोरली म्हणजे झाड. मँगोस्टीनचीच जवळची नातेवाईक, पण तिचं नाव कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. फळ लिंबाएवढं, साल जुन्या मधाच्या रंगाची, आत पांढऱ्याशुभ्र फोडी. सूनबाईनं ते फळ एकदाच खाल्लं होतं आणि नंतर बराच वेळ ती कोणाशी बोलली नव्हती, तोंडातली चव जाईल म्हणून. मामंजींच्या गुरूंनी ज्या रानातून तिचं बी आणलं ते रान आता उरलं नव्हतं. दुसरं झाड कुठे असल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

आणि थोरली मुळापासून कुजत चालली होती. मामंजींनी चर खणले, माती बदलली, औषधं घातली, तळहाताच्या फोडासारखं जपलं. तरी शेंडा वाळला, मग वरच्या फांद्या वाळल्या. फळ तर तिनं कित्येक वर्षांत धरलेलं नव्हतं, तेव्हा बियांचा प्रश्नच नव्हता. शेवटी हिरवी राहिली ती खालची एक फांदी, जमिनीला समांतर आडवी गेलेली.

आता इथे जरा थांबून सांगायला हवं. या भावकीतल्या झाडांची काडी घ्यायची ती शेंड्याची, सरळ वर निघालेली. बाजूच्या फांदीची काडी लावली तर जगते, पानं फोडते, पण आपण फांदी होतो हे काही ती विसरत नाही. काठी बांधा, दोरीनं ओढा, सोडली की पुन्हा आडवी. तिचं झाड म्हणून होत नाही. जमिनीवर लोळत राहते आणि लवकरच खंगून जाते. कलमाच्या धंद्यात नवशिक्याला पहिली टपली बसते ती याच चुकीबद्दल.

मामंजींनी ती चूक डोळे उघडे ठेवून केली. एका दुपारी त्या आडव्या फांदीच्या होत्या नव्हत्या तेवढ्या काड्या त्यांनी कापून आणल्या आणि भराभर खुंटांवर चढवायला घेतल्या. काडी सुकू नये म्हणून क्षणभर ओठांत धरायची, ही त्यांची जुनी सवय. त्या दिवशी मात्र एकेक काडी ओठांत धरून ते डोळे मिटून बराच वेळ बसत होते. सूनबाईला वाटलं, दमले असतील.

नवरा टेम्पोत रोपं चढवता चढवता डोकावला. "बाबा, लोळणारं झाड विकायचं कोणाला? भोपळ्याच्या वेलाच्या भावात द्यायचं का?"

"उभी राहतील," मामंजी म्हणाले.

"कशी काय?"

"राहतील म्हटलं ना."

३

कलमं धरली. सगळीच्या सगळी. कलमांवर चढवलेल्या प्लास्टिकच्या टोपीखाली तांबूस पानं जोडीजोडीनं उघडली आणि फांद्या आडव्या वाढायला लागल्या. नवरा म्हणाला, "बघ, मी सांगितलं नव्हतं?" हे वाक्य तो बरोबर असला तर एकदा आणि चूक असला तर दोनदा म्हणायचा.

मग एका सकाळी एका कलमाचं टोक वर वळलेलं दिसलं. किंचितच. उजेडाकडे वळलं असेल म्हणून सूनबाईनं पिशवी फिरवून ठेवली. दुसऱ्या दिवशी टोक आणखी वर गेलेलं. उजेडाकडे नाही, सरळ आभाळाकडे. त्याच्या मागोमाग शेजारचं, मग त्याच्या पलीकडचं. पावसाळा सरेपर्यंत बाकावर थोरलीची पोरं रांगेत उभी होती, एकाही काठीचा आधार न घेता.

सूनबाईच्या डोळ्यांत पाणीच आलं. "मामंजी, हे होऊच शकत नाही!"

"दिसतंय ना?"

"दिसतंय."

"मग झालं तर."

तिला वाटलं, धावत जाऊन अख्ख्या गावाला ओरडून सांगावं, बघा, आमचे मामंजी कोण आहेत ते! नवऱ्यानंही तोंडात बोटं घातली आणि नंतर म्हणाला, मला वाटलंच होतं.

त्याच दिवसांत तिनं शिंप्याला शिव्या घातल्या. मामंजींचा नवा सदरा एका बाजूनं बोटभर खाली लोंबत होता. तिनं तो उसवून घरीच नीट शिवला. घातला तर पुन्हा तसाच. मग जुना काढून दिला. तोही तिरका. शेवटी दोन्ही सदरे पलंगावर पसरून तिनं कडा जुळवून बघितल्या. दोन्ही बाजू अगदी सारख्या होत्या. ती सदऱ्यांकडे बघत राहिली, आणि मग तिनं घडी घालून ते कपाटात ठेवून दिले.

४

माणूस म्हातारा झाला की वाकतो, त्यात काय नवल? तिनं स्वतःला हेच सांगितलं. पण माणसं पुढे वाकतात. मामंजी बाजूला वाकत होते.

चालताना त्यांचा खांदा भिंतीला घासायला लागला. भिंतीच्या रंगावर एक पुसट पट्टा उमटला. बाकावर बसले तर हळूहळू कलंडायचे, ती उशी लावायची, उशीसकट कलंडायचे. डॉक्टरीणबाईंनी हाडांचे फोटो काढले, रक्त तपासलं, हातापायांत जोर किती ते बघितलं, काही म्हणून शिल्लक ठेवलं नाही. "आजार असा सापडत नाही," त्या म्हणाल्या. "पण वजन का उतरतंय ते मला कळत नाहीये. पुन्हा घेऊन या." त्या खरंच काळजीत पडलेल्या दिसल्या.

शेवटी मामंजींनी खाटच धरली. खाट कुठे टाकायची यावर मात्र ते अडून बसले. शेडनेटला लागून पिशव्या आणि दोऱ्या ठेवायची खोली होती, मध्ये नुसती पत्र्याची भिंत. तिथेच टाका म्हणाले. "कलमांच्या जवळ बरं वाटतं."

एका दुपारी घर पेंगत असताना सूनबाई कलमांपाशी तण काढत बसली होती. जोडावर गुंडाळलेली पट्टी करकरली. यात विशेष काही नाही, काडी जाड होते तशी पट्टी ताणली जाते. पण पट्टी करकरली की पत्र्यापलीकडे खाट करकरत होती. आधी पट्टी, मग खाट. पुन्हा पट्टी, पुन्हा खाट. योगायोग, ती मनाशी म्हणाली. मग म्हणाली, वारा. वारा तर नव्हताच. मग उठून तिनं सगळ्या पट्ट्या सैल केल्या, कारण काहीतरी करायला हवं होतं. पट्ट्या गप्प झाल्या. खाट काही गप्प झाली नाही.

ती पलीकडे गेली. मामंजी कुशीवर होते. पाठीवर झोपणं त्यांना आता जमतच नव्हतं. कमरेत एक बाक, खांद्यापाशी दुसरा, आणि वरचा हात भिंतीच्या कडेनं लांब गेलेला. बोटांची टोकं तेवढी वर उचललेली. विहिरीवर रोज पाणी भरताना थोरलीच्या आडव्या फांदीत ती हाच बाक बघत होती.

"मामंजी, दुखतंय का हो?"

"छे गं. कलमं कशी आहेत?"

"उभी आहेत."

"किती उभी?"

तिनं हातानं उंची दाखवली. मामंजींनी समाधानानं डोळे मिटून घेतले. त्यांचा चेहरा इतका आनंदी होता की तिला पुढे काही विचारवेना.

५

वेडेपणाच होता. तिला कळत होतं. आपण भ्रमिष्ट झालोय, झोप पुरी होत नाही, नवऱ्याला सांगितलं तर तो आधी हसेल आणि मग घाबरेल. तरी तिनं कलमांतलं सगळ्यात किरकोळ निवडलं, चाकू घेतला आणि जोडाच्या वर ठेवला. एवढ्याशा रोपाला कापताना खून करतोय असं वाटलं तिला, आणि तसं वाटल्याचा रागही आला. मग डोळे न मिटता कापलं.

चीक आला. एवढ्याशा काडीत मावावा त्यापेक्षा जास्त आला, तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. कोमट होता. उन्हं आहेत, तापला असेल.

पत्र्यापलीकडे खाट वाजली, आणि मग फरशीवर पाय टेकल्याचा आवाज. दोन्ही पाय.

"कोण आहे गं तिकडे?"

मामंजींचा असा खणखणीत आवाज तिनं महिन्याभरात ऐकला नव्हता. कापलेला शेंडा पदराखाली लपवून ती धावली. मामंजी खाटेच्या कडेला बसले होते. पुरते ताठ नाही, पण बसले होते, आपले आपण! तिला हसू की रडू कळेना. मामंजींच्या चेहऱ्यावर मात्र हसू नव्हतं. घरातलं कोणीतरी गेल्याचा निरोप आल्यावर माणूस बसतो तसे ते बसले होते.

"एक गेलं ना?"

"हो, मामंजी. बुरशी लागली."

"कुठे? जोडावर?"

"जोडावर."

मामंजींच्या डोळ्यांतून पाणी येत राहिलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. तिनं त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. तरी ती खोटंच धरून बसली. रात्रीचं जेवण त्यांनी आपल्या हातानं घेतलं, आणि नवरा आनंदानं त्यांना एकेक घास जास्तच वाढत राहिला.

६

मग ती थांबली नाही. मध्ये थोडे दिवस जाऊ द्यायचे आणि एक कलम कापायचं. कापलं की मामंजी उठायचे. आधी बसते झाले, मग उभे, मग भिंतीला न घासता अंगणापर्यंत. डॉक्टरीणबाईंनी पाठ थोपटली आणि व्यायाम चालू ठेवा म्हणाल्या. नवरा टेम्पो थांबवून भेटेल त्याला सांगायचा, "बाबा पुन्हा काटकोन झाले!" घरात हसणं परतलं. आणि दर वेळी ती बुरशीची बातमी घेऊन जायची, दर वेळी मामंजी आतून तुटायचे, आणि ती त्यांचं तुटणं डोळ्यांनी बघायची. खुंटाच्या पिशव्या तिनं कोपऱ्यात गोणपाटाखाली सारून ठेवल्या.

एक गोष्ट तिला स्वतःशीसुद्धा कबूल करायची लाज वाटायची. काप सुरेख होत होते. तिरके, गुळगुळीत, एकाच ओढीत झालेले. इतकी वर्षं मामंजींच्या शेजारी उभं राहून जे तिच्या हातात उतरलं नव्हतं ते आता उतरलं होतं. आणि दाखवायचं कोणाला?

थोरली त्याच दिवसांत पडली. वारा नसताना, भर सकाळी. करवतीनं कापली तर आत सगळी पिवळी निघाली. आता तिचं म्हणून जे काही जगात होतं ते एका पिशवीत होतं, कारण बाकावर एकच कलम उरलं होतं.

ते मात्र काय झाड होतं! एकटं पडल्यापासून असं फोफावलं होतं की या भावकीत कोणी कधी पाहिलं नसेल. खोड बोटाएवढं, सरळसोट. पानं जाड, गडद, हात फिरवला तर थंडगार. तिनं चाकू किती वेळा हातात घेतला आणि किती वेळा परत ठेवला. शेवटच्या वेळी ठेवताना तिच्या लक्षात आलं. या झाडांची पानं समोरासमोर येतात, एक इकडे, एक तिकडे. याची सगळी पानं एकाच बाजूला वळली होती. पत्र्याकडे. तिनं पिशवी फिरवून ठेवली आणि तिथेच उभी राहिली. पानं तिच्या डोळ्यांदेखत हलली नाहीत. दोऱ्या आणायला म्हणून ती वळली आणि परत आली तेव्हा पानं पुन्हा पत्र्याकडे होती.

तिनं चाकू उचलला.

७

"थांब जरा," मामंजी म्हणाले.

ते दारात उभे होते. आपल्या पायांनी आले होते, पाठ ओळंब्यात. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, कलमाकडेही नाही. सरळ कोपऱ्यात गेले आणि गोणपाट उचललं. एकेक खुंट हातात घेऊन त्यांनी कापलेल्या टोकावरून अंगठा फिरवला. तिच्या हातात चाकू तसाच होता.

"बुरशीचा हात फार चांगला आहे," ते म्हणाले. "एका ओढीत. मला या वयात इतका साफ काप जमला नसता."

ती हमसून हमसून रडायला लागली. "मला झाड नको, मामंजी. मला तुम्ही हवे आहात. घरात तुम्ही हवे आहात."

"अगं, सासरे काय, घरोघरी आहेत. हे कोणाकडे आहे, सांग मला?"

"मी नाही देणार तुम्हाला."

"तुझ्याकडे मागतोय कोण? तू फक्त चाकू खाली ठेव."

चाकू कलमापासून वीतभर अंतरावर होता. एक ओढ, आणि हा माणूस आणखी कितीतरी वर्षं अंगणात चालला असता. तिनं मनगट फिरवलंसुद्धा. आणि त्याच वेळी तिला मामंजींचा चेहरा दिसला. ते कलमाकडे बघत होते. ओठ थोडे उघडे, श्वास धरलेला, डोळ्यांत नुसतं कौतुक. लग्न होऊन आली त्या पहिल्या आठवड्यात ती त्यांच्या हातांकडे जसं बघत होती तसं. अशा बघणाऱ्या माणसासमोर तिच्यानं काही कापवेना. तिनं चाकू बाकावर ठेवला.

मामंजींनी एक खोकं ओढलं आणि कलमाला लागून बसले. मग जोडावरची पट्टी सोडायला घेतली.

"अहो, एवढ्यात नका सोडू!" तिच्या तोंडून निघून गेलं.

"झालंय ते."

पट्टी वेढ्यावेढ्यानं सुटत गेली. जोडाच्या जागी खुंटाची आणि काडीची साल भेटते तिथे नेहमी एक रेघ राहते, कितीही चांगला हात असो. इथे रेघ नव्हती. साल होती का, तेही तिला सांगता आलं नसतं. जे होतं ते फिकट होतं, आणि त्यावर बारीक सुरकुत्या होत्या. ती पुढे वाकली तोच मामंजींनी त्यावर आपला तळहात ठेवला आणि बोटं खोडाभोवती मिटली.

"चल, बाहेर हो," ते मऊ आवाजात म्हणाले. "आणि दार ओढून घे."

तिनं दार ओढून घेतलं. हिरव्या जाळीतून दोन उभ्या रेघा दिसत होत्या, एक बसलेली, एक वाढलेली, दोन्ही सारख्याच ताठ. ती बघत राहिली. मग एक रेघ कलंडायला लागली, अगदी सावकाश, आणि त्या हिरव्या उजेडात कोणती ते तिला नीट कळेना. दुसरी वर चढत होती.

"अगं ए!" अंगणापलीकडून नवऱ्यानं हाक मारली. "बाबा आहेत का तिथे? पानं वाढलीत, बोलाव त्यांना."

"काम करतायत," ती म्हणाली. "तू जेवून घे."